हैदराबाद कंटिंजंट

निजामाच्या खर्चाने पोसलेली, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील एकोणिसाव्या शतकातील साहाय्यक सेना. हैदराबादजवळील बोलारम, औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर), हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) व एलिचपूर (अचलपूर) ही तिची प्रमुख ठाणी होत.

इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवर नागरिकत्व नसलेल्या प्रजेतून अशा साहाय्यक पलटणी उभारीत. २५ वर्षांच्या सेवेनंतर सैनिकास नागरिकत्व मिळे व छावणीलगतच्या वस्त्यांची पुढे गावे होत. कंटिंजंटच्या छावण्यांभोवतीही वस्ती वाढली. मात्र ज्या राज्याच्या खजिन्यातून शिपायाचा पगार निघे, त्या राज्याची हुकमत त्याच्यावर नव्हती.

निजाम व इंग्रज यांच्यातील १८०० च्या तहानुसार युद्धकाळी निजामाने ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ पुरवावयाचे होते. ही फौज कार्यक्षम नाही, अशी इंग्रजांची तक्रार होती. म्हणून रेसिडेंट हेन्री रसेल (कार. १८११–२०) याने कवायती पलटणी उभारल्या. ‘रसेल ब्रिगेड’ या नावाने त्या महिदपूरच्या लढाईत (२१ डिसेंबर १८१७) होळकरांविरुद्ध लढल्या. घोडदळात शिलेदारी पद्धत होती.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर ही सरहद्द झाली. औरंगाबादहून हर्सूलमार्गे अजिंठ्याकडे जाणारी वाट याच डोंगरांकडे जाते. तेथील भिल्लांचा बंदोबस्त केवळ बळाने होईना. तेव्हा १८२५ मध्ये खानदेशात जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारण्यात आली.

पगारासाठी निजामाने पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने पैसा घेतला व पुढे इंग्रजांचेही कर्ज साचले. परिणामी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब हे प्रदेश कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेले. ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने असे तिचे किमान बळ ठरले. नळदुर्ग व रायचूर दुआब १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही.

जून १८५७ मध्ये आपणास दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, अशी वार्ता पसरून औरंगाबादच्या पहिल्या घोडदळात असंतोष उसळला. जनरल वुडबर्नने तो मोडून अनेकांना देहान्त शिक्षा दिल्या. शहरातील काळा चबुतरा स्थानिक परंपरेत या हुतात्म्यांशी निगडित आहे. याच सेनेतील इतर तुकड्या १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने लढल्या.

नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेले व १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. हिंगोली व मोमिनाबाद येथील लष्करी ठाणी उठली. औरंगाबादची छावणी मात्र टिकली. एलिचपूरच्या छावणीतून परतवाडा हे नगर वाढले. ज्या फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड गेले, ती विसर्जित झाल्यावरही तो प्रांत निजामाच्या कारभाराखाली परत आला नाही.