फ्रेंच शहरातले आपले शब्द

फ्रेंच शिकवणारं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, सुरुवातीच्या धड्यांत एक धडा शहराचा असतोच. गार म्हणजे रेल्वे स्टेशन, एग्लीझ म्हणजे चर्च, पाँ म्हणजे पूल, मागाझँ म्हणजे दुकान, दुआन म्हणजे परदेशी मालावर कर घेणारी कचेरी. मग डावीकडे, उजवीकडे, समोर, जवळ, लांब. विद्यार्थ्यानं यादी पाठ करायची आणि पुढच्या धड्याला लागायचं. पण या यादीतल्या काही शब्दांपाशी मराठी माणसानं, त्यातही मराठी मुसलमानानं, थोडं थांबावं असं मला वाटतं. ते शब्द आपल्या ओळखीचे आहेत.

मागाझँ घ्या. मूळ अरबी शब्द मखजन, म्हणजे माल साठवायची जागा, कोठार. त्याचं अनेकवचन मखाजिन. खे, जे, नून या तीन अक्षरांचा हा धातू, आणि त्याच धातूतून आलेला आपला शब्द म्हणजे खजिना. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर मखजन युरोपात उतरला. फ्रेंचमध्ये तो आधी गोदामासाठी वापरला जाई, पुढे दुकानासाठी रूढ झाला. इंग्रजीत त्यानं वेगळंच वळण घेतलं. १७३१ मध्ये लंडनला ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघालं. मॅगझिन म्हणजे लेखांचं कोठार, ही त्यामागची कल्पना. म्हणजे पॅरिसमधलं दुकान, आपण वाचतो ते मॅगझिन आणि गावच्या मंडळाचा खजिनदार, हे सगळे एकाच घराण्यातले.

दुआन तर आणखी जवळचा. हा आपला दिवाण! शब्द मूळचा फारसी. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत सैनिकांच्या आणि इतरांच्या वेतनाची जी नोंदवही सुरू झाली, तिला दीवान म्हणत. वहीवरून ती ठेवणाऱ्या कचेरीला तेच नाव पडलं. बंदरांत ही कचेरी मालावर कर घेऊ लागली, इटालियन व्यापाऱ्यांनी तिला दोगाना केलं आणि फ्रेंचांनी दुआन. आपल्याकडे याच शब्दानं दिवाणजी दिले, दिवाणखाना दिला, दिवाणी न्यायालय दिलं. आणि अशा कराला मराठीनं कोणता शब्द निवडला? जकात. आपला जकातीचा फर्ज मराठीत नाक्यावरचा कर होऊन बसला, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

हे शब्द कसे गेले, हे समजून घ्यायला अल्जीरियाच्या किनाऱ्यावरचं बिजाया हे बंदर चांगलं उदाहरण आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतल्या पिसा शहराच्या व्यापाऱ्यांचा तिथे राबता होता. त्यांच्या वतीनं तिथल्या दिवाणात एक पिसाचा कारकून काम करत होता. त्यानं आपल्या मुलाला तिथे बोलावून घेतलं आणि हिशेब शिकायला बसवलं. मुलगा तिथे भारतीय अंक शिकला, शून्यासह. हा मुलगा म्हणजे लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखतं. १२०२ मध्ये त्यानं ‘लिबेर आबाची’ हा ग्रंथ लिहिला. युरोपात आपले अंक रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. बापाच्या त्या कचेरीचा उल्लेख त्यानं ग्रंथाच्या प्रस्तावनेत केला आहे, आणि त्यासाठी त्यानं वापरलेला लॅटिन शब्द आहे दुआना. याच बंदरातून युरोपला मेण जाई. फ्रेंच लोक त्या गावाला बूझी म्हणत. आजही फ्रेंचमध्ये मेणबत्तीला बूझीच म्हणतात.

कॉफीचा प्रवासही असाच. येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कहवा पीत. १६६९ मध्ये उस्मानी सुलतानाचा वकील सुलेमान आगा चौदाव्या लुईच्या दरबारी गेला आणि पॅरिसच्या बड्या लोकांना त्याच्या घरच्या कॉफीची चटक लागली. १६८६ मध्ये प्रोकोपियो नावाच्या सिसिलीच्या माणसानं तिथे काफे उघडला. पुढे काफे हा फ्रेंच शहराचा प्राण झाला. व्होल्तेर आणि रूसो यांच्याशिवाय जसं पॅरिस नाही, तसं काफेशिवायही नाही.

आतापर्यंतचे सगळे शब्द सन्मानानं आले आणि सन्मानाच्या जागी बसले. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती. फ्रेंच माणूस मागाझँमध्ये शिरतो तेव्हा हा शब्द परका आहे असं त्याच्या मनातही येत नाही.

१८३० मध्ये फ्रान्सनं अल्जियर्स जिंकलं. त्यानंतर पुन्हा अरबी शब्द फ्रेंचमध्ये आले, पण आता ते सैनिकांच्या आणि वसाहत करणाऱ्यांच्या तोंडून आले. त्यांचं काय झालं पाहा. बिलाद म्हणजे देश, मुलूख. फ्रेंच बोलीत त्याचा ब्लेद झाला, आणि अर्थ झाला आडरानातलं भिकार गाव. सूक म्हणजे बाजार. फ्रेंच बोलीत सूक म्हणजे गोंधळ, पसारा. तबीबचा तूबिब झाला. तो शब्द प्रेमानं वापरतात खरा, पण तोही बोलीतलाच. दवाखान्याच्या पाटीवर तो दिसणार नाही.

आणि कसबा. अरबी कसबा उत्तर आफ्रिकेत किल्ल्यासाठी आणि किल्ल्याभोवतीच्या जुन्या वस्तीसाठी वापरतात. आपल्याकडे तो बाजारपेठेच्या मोठ्या गावासाठी आला. पुण्याची कसबा पेठ ही त्या शहराची मूळ वस्ती, तिचं नाव घेताना कुणाच्या मनात अढी नसते. अल्जियर्सच्या कसब्याचा खालचा भाग फ्रेंचांनी चौकासाठी आणि सरळ रस्त्यांसाठी पाडला. १९३७ च्या ‘पेपे ल मोको’ या फ्रेंच सिनेमात कसबा म्हणजे गुन्हेगारांनी दडून बसायची गल्लीबोळांची जागा आहे. १९५७ मध्ये फ्रेंच सैन्यानं त्याच कसब्याला काटेरी तारांनी वेढलं आणि राहणाऱ्यांची झडती घेऊन त्यांना आत-बाहेर सोडलं. १९९२ मध्ये युनेस्कोनं तो जागतिक वारसा ठरवला. शब्द तोच, जागा तीच. माणसांचं एकमेकांशी नातं कसं आहे, त्यावर शब्दाची इज्जत ठरली.

ही कसोटी मराठीलाही लावून बघावी. शहर, रस्ता, दुकान, बाजार, इमारत, दवाखाना, कारखाना, किल्ला, हौद, दरवाजा. मराठीतला शहराचा धडा लिहायला घेतला, तर अरबी-फारसी शब्दांवाचून एक वाक्य पुढे सरकत नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. नव्या राज्याला आपली राजभाषा हवी होती, हे समजण्यासारखं आहे. पण रयत बाजारातच जात राहिली. कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी मावल्या. मराठीही दोन्ही पचवून चालत राहिली.

म्हणून शब्द हाकलले जातील याची मला भीती नाही. दुकान आणि खजिना कुठेही जात नाहीत. मला काळजी आहे ती ब्लेदसारखं होण्याची, शब्द राहून त्याचा अर्थ खाली घसरण्याची. मोहल्ला हा शब्द घ्या. अरबी महल्ला म्हणजे उतरायची, मुक्काम करायची जागा. कोकणातल्या गावात बाकीच्यांच्या वाड्या असतात आणि आमचा मोहल्ला असतो. दोन्ही गावाचेच भाग. गणपतीत आणि ईदला एकमेकांकडे जायची वाट त्यांतूनच जाते. पण अलीकडे मोहल्ला हा शब्द काही जण ज्या सुरात उच्चारतात, त्यात मला अल्जियर्सच्या कसब्याचा वास येतो.

शब्दाचं मूळ कुठलं, हे कोशात सापडतं. त्याची इज्जत मात्र रोजच्या बोलण्यात टिकते किंवा जाते. फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगेन: मागाझँ आणि दुआन पाठ करताना त्यांच्या शेजारी खजिना आणि दिवाण लिहून ठेवा. आणि ब्लेदपाशी आलात की त्याचा मूळ अर्थही लिहा, मुलूख.