सुधागडाखालील दोन पोरके पुत्र

अष्टविनायकांपैकीं बाकीच्या ठिकाणीं देव आपल्या गुणांवरून किंवा स्थळावरून ओळखला जातो. पालीस मात्र तो भक्ताच्या नांवानें ओळखला जातो, आणि तो भक्त म्हणजे एक लहान मुलगा आहे. गणेशपुराणांतील ही कथा सर्वश्रुत आहे. कल्याण नांवाच्या वाण्याचा मुलगा बल्लाळ सवंगड्यांना जमवून रानांत एका दगडाची पूजा मांडी. पोरें वेळेवर घरीं येत नाहींत म्हणून गांवच्या लोकांनीं कल्याणाकडे गाऱ्हाणें नेलें. बाप रानांत गेला, त्यानें पूजा उधळली, मुलास बेदम मारलें आणि झाडाला बांधून तो चालता झाला. त्या बांधलेल्या मुलाजवळ ब्राह्मणाच्या रूपानें जो आला, तोच बल्लाळेश्वर. देवस्थानाच्या मुळाशीं बापाचा मार असावा, ही गोष्ट विलक्षण खरी. पण यात्रेच्या गर्दींत तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

पुराण बाजूला ठेवून इतिहासाकडे वळलें, तरी या परिसरांत पुन्हां तोच विषय समोर येतो. पालीजवळ सुधागड उभा आहे. त्याचें जुनें नांव भोरप. इ. स. १६८१ च्या पावसाळ्याच्या तोंडीं औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहाजादा अकबर हा दुर्गादास राठोडास बरोबर घेऊन या मुलखांत आला, आणि नोव्हेंबर महिन्यांत गडाच्या पायथ्याच्या पातशाहापूर येथें छत्रपति संभाजी महाराज त्यास भेटले. राजकारणाच्या पुस्तकांत या भेटीचा विचार फौजा आणि मोहिमा यांच्या हिशोबानें होतो. पण दोघांच्या जन्मतिथि शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या. संभाजीराजे १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर जन्मले. अकबर त्याच वर्षीं ११ सप्टेंबरला औरंगाबादेस जन्मला. अकबराची आई दिलरसबानू महिन्याभरांत वारली. संभाजीराजांची आई सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर निवर्तली. दोघेही आईवेगळे वाढले, दोघांनींही बापाची बाजू सोडून शत्रूचा आश्रय घेतला, आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं दोघे एकमेकांसमोर बसले ते या सुधागडाखालीं.

संभाजीराजांचें लहानपण शांत घरांत गेलें नाहीं. आठ वर्षांचे असतां पुरंदरच्या तहानंतर त्यांस ओलीस म्हणून मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत जावें लागलें. पुढच्याच वर्षीं आग्र्याची कैद. आणि सुटकेनंतर वडिलांनीं त्यांस मथुरेस परक्या घरीं ठेविलें, व मुलगा वाटेंत वारल्याची वार्ता मुद्दाम पसरविली. राजकारणाच्या दृष्टीनें ती युक्ति अचूक होती. नऊ वर्षांच्या मुलास ती कशी वाटली असेल, हें कोणत्याही बखरकारानें लिहिलेलें नाहीं.

तरीही या काळांत त्यांस दोन आधार होते. पहिला कापूरहोळच्या धाराऊचा. तिच्या दुधावर ते वाढले. दुसरा आजीचा. आज संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे, शाळांतून समुपदेशकही ठेवतात. त्या काळीं हें काम दाई आणि आजी करीत. राज्याभिषेकास पुरते दोन आठवडे होतात न होतात तोंच, १७ जून १६७४ रोजीं, पाचाडास जिजाबाई वारल्या. नातू तेव्हां सतरा वर्षांचा होता. घरांत सावत्र आई सोयराबाई, तिचा चार वर्षांचा राजाराम, आणि वारशाच्या प्रश्नावरून प्रधानमंडळांत पडलेले तट. ज्या वयांत मुलास घरांत एक तरी माणूस निःपक्षपाती हवा असतो, त्याच वयांत तो माणूस गेला. पुढें शृंगारपूर, तेथून सज्जनगड, आणि डिसेंबर १६७८ मध्यें दिलेरखानाची छावणी. भूपाळगडावरील खानाची क्रूरता पाहून मन विटलें. वर्षभरांत राजे पन्हाळ्यास परतले. शिवाजी महाराज स्वतः तेथें जाऊन मुलास भेटले, ही गोष्ट त्या थोर पुरुषाच्या पराक्रमांत मोजली पाहिजे. परंतु एप्रिल १६८० मध्यें महाराज गेले, आणि समेटास पुढचा काळच मिळाला नाहीं.

या सर्व प्रकारास बखरींनीं व्यसन आणि उच्छृंखलपणा अशीं नांवें दिलीं. त्यांतील मुख्य बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज. आणि बाळाजी आवजी, अण्णाजी दत्तो इत्यादिकांना १६८१ सालींच सुधागडाच्या परिसरांत देहान्त शिक्षा झाली होती. अशा लेखणीकडून समतोल न्यायाची अपेक्षा करणें व्यर्थ. वा. सी. बेंद्रे यांनीं १९६० मध्यें अस्सल कागदांच्या आधारें नवें चरित्र लिहिलें, तेव्हां कोठें हें मळभ दूर होऊं लागलें. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याचें पुढें काय झालें, तेंही येथें सांगितलें पाहिजे. येसूबाईंनीं रदबदली करून त्यास जवळ केलें, अशी परंपरा आहे. आणि ज्या राजानें बापास मारिलें, त्याच्याच घराण्याची त्यानें जन्मभर निष्ठेनें सेवा केली.

अकबरास आईच्या ठिकाणीं होती ती थोरली बहीण झेबुन्निसा. बंड फसल्यावर बहीणभावांचीं पत्रें बापाच्या हातीं पडलीं, आणि औरंगजेबानें मुलीस सलीमगडांत कैद केलें. १७०२ मध्यें मृत्यूनेंच तिची सुटका झाली. अकबर १६८७ मध्यें इराणास गेला तो परत आला नाहीं. त्याचीं लहान मुलें मारवाडांत दुर्गादासाच्या हवालीं राहिलीं होतीं. पुढें नात सफियतुन्निसा आजोबाकडे आली, तेव्हां तिच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था करूं, असें बादशहा म्हणाला. दुर्गादासानें अजमेरहून बाई आणवून आपणांस कुराण आधींच शिकविलें आहे, असें तिनें सांगितलें. शत्रूच्या मुलीस तिच्याच धर्मांत वाढविणारा हा रजपूत पाहून त्या संशयी म्हाताऱ्याचेंही मन थोडें पालटलें.

रायगड पडला तेव्हां, नोव्हेंबर १६८९ मध्यें, संभाजीराजांचा सात वर्षांचा मुलगा शाहू आईसह मोगलांच्या हातीं लागला. अठरा वर्षें तो त्या छावणींत वाढला. बापास हालहाल करून मारणाऱ्या बादशहाच्या गोटांत त्याच्यावर मायेची पांखर घातली ती झीनतुन्निसेनें. ती औरंगजेबाची मुलगी आणि पातशाहापुरास येऊन गेलेल्या अकबराची सख्खी बहीण.