तळटीप : पृ. ८४, ‘सैलानीहून आल्यावर मेंदूचा फोटो काढला’

सैलानीबाबांचा दर्गा बुलढाणा तालुक्यात, पिंपळगाव सराईजवळ आहे. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. एकटेच बडबडणारे, अंगात येणारे रुग्ण नातेवाईक इथे आणतात. लेखकाच्या थोरल्या भावाचा ‘फोटो’ म्हणजे साधा सीटी स्कॅन असावा. त्यात गाठ, रक्तस्राव किंवा फीतकृमीच्या अळीचा ठिपका दिसतो. कानात येणारे आवाज दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल, ‘मग हे बाहेरचंच’, हा घरच्यांचा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. मेंदू काम करताना कसा चालतो हे पाहण्याची तंत्रे निराळी. जो भाग कामाला लागतो तिथला रक्तपुरवठा वाढतो. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून तो भाग हेरतो. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आवाज ऐकू येत असतानाच किरणोत्सारी द्रव्य टोचून रक्तप्रवाह मोजला. तो बोलण्याशी निगडित ब्रोका क्षेत्रात वाढलेला आढळला. निदान मात्र आजही डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच करतात. — संपा.