दुष्काळी मजुरीपासून थेट अनुदानापर्यंत : महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंब आणि सरकारी रोख मदत (१८७७-२०२५)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासात दुष्काळ, कर्जबाजारीपणा आणि सावकारी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. शासनाने मदत म्हणून दिलेला रोख पैसा कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहारात नेमका कोठे खर्ची पडला, हा प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. मदतीचा इतिहास बहुधा किती रुपये वाटले आणि किती जीव वाचले, या दोनच आकड्यांत मांडला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे घराच्या बाजूने पाहिले आहे. पैसा कोणाच्या हाती, कोणत्या वेळी आणि कोणती कसोटी पार केल्यावर आला, यावर घरातील चूल, औषध, बी-बियाणे आणि उधारी यांचे गणित रकमेइतकेच, किंबहुना काही वेळा रकमेहून अधिक अवलंबून राहिले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

टेंपल वेतन आणि घराचा हिशेब

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्याला दीड वर्ष होते न होते तोच दख्खनवर १८७६-७८ चा दुष्काळ कोसळला. म्हणजे सोलापूर, नगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांतील कुटुंबे दुष्काळात शिरली ती आधीच पत गमावून. ज्या वाण्याकडून वा सावकाराकडून एरवी पावसाळ्यापुरते धान्य उधार मिळे, त्याने हात आखडता घेतला होता. अशा वेळी सरकारी कामावरची मजुरी हाच रोख पैशाचा जवळपास एकमेव मार्ग उरला.

१८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे दुष्काळ प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा जो दर सुचविला, तो पुढे ‘टेंपल वेतन’ म्हणून कुप्रसिद्ध झाला. प्रौढ पुरुषास दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा, असा तो दर होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तो अपुरा असल्याचे ठामपणे मांडले आणि काही महिन्यांत तेथे दर वाढवावा लागला. हा वाद इतिहासकारांच्या परिचयाचा आहे. परंतु दोन्ही पक्षांनी मोजले ते एका देहाला लागणारे अन्न. कुटुंब त्या हिशेबात नव्हते. मीठ, मिरची, तेल, सरपण हे सारे त्या एका आण्यात बसवायचे होते. घरी ठेवलेली म्हातारी माणसे, अंगावरचे मूल, आणि पुढच्या पेरणीसाठी ज्यांना जगविणे अनिवार्य होते ते बैल यांच्यासाठी त्या वेतनात वाटाच नव्हता. बैल विकला तर कुटुंब आज जेवत असे, पण पुढल्या मृगात जमीन पडीक राहत असे.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. मजुरी धान्याच्या भावाशी बांधलेली असल्यामुळे महागाईची झळ काही अंशी सरकारने सोसली, हे मान्य करावे लागेल. रोख मदतीच्या पुढील अनेक योजनांत ही तरतूद आढळत नाही. मात्र कामे दूरवर नेऊन गरजूपणाची परीक्षा घेण्याचे धोरण कुटुंबाची फाटाफूट करणारे होते. वेतनकपात आणि दूरच्या कामांच्या सक्तीविरुद्ध मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांनी मजुरी नाकारावी, याचे सरकारी वर्तुळात आश्चर्य व्यक्त झाले. घराचा हिशेब पाहिला तर त्यात आश्चर्य काहीच नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली, ती आजही या काळाच्या अभ्यासाचे मोलाचे साधन आहे.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितेत काम करण्यास असमर्थ असणाऱ्यांना गावातच मदत देण्याची तरतूद झाली. विनाकाम मदतीचा अधिकृत पाया तो हाच. परंतु धट्ट्याकट्ट्या माणसाला घाम गाळल्याशिवाय पैसा मिळता कामा नये, हे तत्त्व पुढील शतकभर अबाधित राहिले. १८८४ च्या कायद्यान्वये शेतकऱ्याला मिळणारी तगाई रोख असली तरी ते कर्जच होते.

हजेरीपटावरची मजुरी

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीने मदतीला हक्काचे रूप दिले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर सरकारी कामांवर होते आणि स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता. पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे या कामांच्या आठवणी मिलो आणि सुखडीसह ग्रामीण स्मृतीत टिकून आहेत. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

तथापि मजुरी मोजमापावर आणि मोजमाप बहुधा गटाचे, त्यामुळे स्त्रीच्या कष्टाची रक्कम वेगळी तिच्या हाती पडेलच असे नसे. मोजमाप लांबले की पगार लांबे आणि तेवढे दिवस घर दुकानदाराच्या वहीवर चाले. उशिरा आलेला पैसा मग घरी न येता परस्पर त्या वहीत जमा होई. उधारीवर घेतलेला माल रोखीपेक्षा महाग पडतो, हे लक्षात घेतल्यास विलंबाची किंमत स्पष्ट होते.

अटींविना पैसा

१९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने विधवा, अपंग, दुर्धर आजारी अशा व्यक्तींना दरमहा रोख रक्कम दिली. २०१९ पर्यंत ती ६०० रुपये होती, त्या वर्षी १००० आणि २०२३ मध्ये १५०० झाली. एकाच कुटुंबात एकाहून अधिक लाभार्थी असल्यास ६०० ऐवजी ९०० रुपये मिळत. दोन निराधारांची भूक एकाच्या दीडपट असते, असे हे गणित!

धडधाकट माणसाला विनाअट पैसा दिल्यास तो आळशी वा व्यसनी होईल, ही टेंपलकालीन शंका प्रत्यक्ष तपासली गेली ती महाराष्ट्राच्या शेजारी. २०११-१२ मध्ये सेवा या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने इंदूर परिसरातील आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले. वर्षानंतर ही रक्कम ३०० व १५० झाली. मुलांची रक्कम आईकडे जाई. अनुदान न मिळालेल्या गावांशी तुलना करता मुलींच्या वजनात सुधारणा दिसली, शाळेवरचा खर्च वाढला, औषधे नियमित घेतली जाऊ लागली. दारूवरील खर्च वाढल्याचा पुरावा आढळला नाही. सर्वांत बोलका निष्कर्ष असा, की छोटे शेतकरी दुसऱ्याच्या मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात अधिक वेळ देऊ लागले. या साऱ्याच्या मुळाशी रकमेपेक्षा नियमितपणा असावा, असे मानण्यास जागा आहे. महिन्याच्या ठरावीक सुमारास पैसा येणार हे माहीत असलेले घर अडीअडचणीला उचल घेत नाही.

पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६००० रुपये २०१९ पासून दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येऊ लागले. चार महिन्यांनी येणारी रक्कम साहजिकच खत-बियाण्याकडे किंवा थकलेल्या उधारीकडे वळते. किराण्याच्या महिनाभराच्या मांडणीत तिचा भरवसा धरता येत नाही. शिवाय ती सातबारावरील नावाला मिळते आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते. २०२४ मधील ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने हा क्रम उलटवला. वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या खात्यात. निवडणुकीच्या तोंडावरची योजना म्हणून तिच्यावर टीका झाली, ती गैरलागू नाही. पण १८७७ पासूनच्या क्रमात पाहता, काम न मागता इतक्या मोठ्या संख्येने ग्रामीण स्त्रियांच्या नावे सरकारी पैसा जाणे ही अभूतपूर्व घटना आहे.

कसोटी मात्र नाहीशी झाली नाही. ती अंगमेहनतीवरून कागदावर आली. २०२५ मध्ये लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी करणे बंधनकारक झाले. त्यासाठी एखाद्या दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जावे लागणे, हे कोरडवाहू भागातील कुटुंबाला नवीन नव्हते. नवे होते ते एवढेच, की स्वतःच्या नावावरील पैशासाठी स्त्रीला पतीच्या वा वडिलांच्या आधार क्रमांकाचीही पडताळणी द्यावी लागली. ज्यांचे पती व वडील दोघेही हयात नाहीत, अशा स्त्रियांसाठी शासनाला नंतर वेगळी सवलत काढावी लागली.