मुक्तीतली जुळारी

आमच्या घराण्याचा इतिहास 1900 सालाच्या मागे जात नाही. त्याच्या अलीकडे माणसं आहेत, पलीकडे नुसता दुष्काळ. संवत 1956चा म्हणून गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणत. त्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी गुजरातेतून ज्या मुली केडगावला आणल्या, त्यांत माझी पणजी होती. वय असेल सात-आठ. गावाचं नाव तिला धड सांगता आलं नाही; आईबापांबद्दल विचारलं तर ती गप्प बसे. हे सारं मला आजीकडून कळलं. आजीला कुणी अशुद्ध मराठी बोललेलं खपत नसे. म्हणायची, ‘‘आपल्याला ही भाषा बाईंनी दिलीय. जपून वापर.’’

‘बाई’ म्हणजे रमाबाई. केडगावच्या मुक्तीत वाढलेल्यांच्या तोंडी दुसरं नाव नसे.

बाईंना दुष्काळ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी एकामागोमाग गेली. बाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि चालत राहिले. म्हणूनच 1896च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या जणींना ठेवायची सोय नव्हती. मग केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन ते हेच. 1900चा दुष्काळ सरता सरता तिथे 1,500हून अधिक ताटं लागत होती.

एवढ्या ताटांत रोज काय वाढायचं? बाईंनी इंग्लंडातल्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. माणसांपुढे पदर न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवणारा हा माणूस. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने 10 वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत 1898मध्ये संपली. तिथून पुढे बाईंनीही देवावर भिस्त ठेवली. पण आजीच्या गोष्टींतली ही भिस्त हातावर हात ठेवून बसलेली कधीच नव्हती. पहाटेची प्रार्थना झाली की कुणी जात्यावर, कुणी मागावर, कुणी गोठ्यात, कुणी मळ्यात. आंधळ्या मुलींना बाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं. त्याही विणायला, वळायला बसत. ‘‘देव देईल म्हणायचं आणि विहिरीत पोहरा सोडायचा,’’ आजी सांगे. ‘‘पोहरा न सोडता देव देईल म्हणणाऱ्याला बाई उभं करत नसत.’’

मात्र बाईंची सर्वांत लांबलेली प्रतीक्षा अन्नासाठी नव्हती, ती आतली होती. त्यांचा बाप्तिस्मा 1883मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. लोकांना वाटतं, तिथे गोष्ट संपली. बाईंनी मात्र 1907 साली आपली साक्ष लिहिताना मोकळेपणाने सांगून टाकलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. या आठ वर्षांत त्या काय करत होत्या? अमेरिकेत हिंडून हिंदुस्थानातल्या बायकांविषयी बोलत होत्या, पुस्तकं लिहीत होत्या, 1889मध्ये मुंबईत शारदा सदन काढून विधवांना शिकवत होत्या. मनाचा निकाल लागला नव्हता, म्हणून शाळा थांबली नाही. आमच्या मंडळीत जुनी माणसं उपासनेनंतर ओट्यावर बसत, तेव्हा कुणी तरुण ‘देव माझं ऐकत नाही’ म्हणून कुरकुरला की त्याला हीच आठ वर्षं सांगितली जात.

पणजीच्या वाट्याला छापखाना आला. बाईंनी 1904च्या सुमारास एक काम अंगावर घेतलं होतं: सबंध बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. आधीचं भाषांतर खेड्यातल्या बाईच्या पचनी पडत नाही असं त्यांचं मत. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या मुलींच्या हातून व्हायचं होतं.

देवनागरीचा जुळारी होणं सोपं नाही. रोमनला सव्वीस अक्षरं. इथे काने, मात्रे, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं मिळून खिळ्यांची घरं मोजता मोजवत नाहीत. समोर तिरप्या लाकडी केसा, डाव्या हातात स्टिक, आणि उजव्या हाताने न बघता नेमक्या घरातला खिळा उचलायचा. खिळ्यावर अक्षर उलटं. पणजीला मराठी धड येत नव्हतं तेव्हा तिने ही अक्षरं अशी आरशातल्यासारखी ओळखायला सुरुवात केली. आजी सांगायची, म्हातारपणीही पणजीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं कातडं गुळगुळीत होतं आणि भाजी निवडताना तिची बोटं खिळा चाचपावा तशी देठ चाचपत. ओळ जुळली, गॅली बांधली, प्रूफ निघालं की ते बाईंकडे. चुकांच्या खुणा घेऊन परत. खिळे काढा, नवे घाला, पुन्हा प्रूफ.

हे वर्षानुवर्षं चाललं. 1905मध्ये मुक्तीत मोठं आत्मिक जागरण झालं, मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या, मग टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. भाषांतर चालूच. 1921मध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या लेकीच्या हाती मुक्ती सोपवायची होती तीच गेली. बाई महिनोन्‌महिने वाकून प्रुफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922ला त्या वारल्या. काम तोवर हातावेगळं झालं होतं, असं मुक्तीतली जुनी माणसं सांगत. छापून पुरं झालेलं बायबल 1924मध्ये निघालं. बाईंनी ते बांधलेलं पाहिलं नाही. पणजीने पाहिलं. तिच्याकडची प्रत आमच्या घरी बरीच वर्षं होती.

बाईंच्या कामावर आक्षेप आले नाहीत असं नाही, आणि आजीने ते आमच्यापासून लपवलेही नाहीत. पुढे पुण्यात आलेल्या शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचं वचन होतं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा 1893मध्ये पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोडपलं, पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. ‘‘त्यांचंही चुकलं नाही,’’ आजी म्हणायची. ‘‘पण माझ्या आईला न्यायला कुणी आलं नव्हतं. जिला न्यायला कुणीच येत नाही, तिच्याकडे कोण जातं ते बघ.’’

आजीच्या स्वयंपाकघरात एक गाडगं असे. भात टाकण्याआधी त्यात मूठभर तांदूळ जायचे. महिनाअखेर ते देवळात जायचे, तिथून गरजूंच्या घरी. चणचणीच्या दिवसांतही ही मूठ चुकली नाही. त्या काळात आजोबांच्या कामाचं नक्की नव्हतं, आजी रोज त्यासाठी प्रार्थना करी, आणि उत्तर यायच्या आधीच मूठ काढून ठेवी.

आज आमच्या प्रार्थनासभांत मागण्यांची यादी लांब असते: नोकरी, व्हिसा, फ्लॅट, लग्न. मागायला हरकत नाही. प्रभूनेच मागा म्हटलंय. पण उत्तर येईपर्यंत मधल्या काळात आपण काय करतो, हे कुणी विचारत नाही. मुक्तीतल्या बायकांनी त्या मधल्या काळात दुसऱ्यांना जेवू घातलं आणि शास्त्राचे खिळे जुळवले. केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे आणि मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे. देवाची वाट पाहून थकला असाल तर एकदा तिथे जाऊन या, आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका.