वाकळ

वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे थर एकमेकांवर अंथरून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण होय. महाराष्ट्रात इतरत्र त्यास गोधडी म्हणतात. कोल्हापूर, सांगली व सातारा या भागांत वाकळ हा शब्द रूढ आहे, तर लगतच्या कन्नड भाषक प्रदेशात कौदी हे नाव आढळते. पूर्वी केवळ हाताने शिवली जाणारी वाकळ आता शिलाई यंत्रावरही शिवली जाते. त्यामुळे शिवणीचा नमुना निवडणे हा वाकळेच्या घडणीतील महत्त्वाचा टप्पा ठरला आहे.

रचना

वाकळेला सामान्यतः तीन भाग असतात : तुकडे जोडून केलेला वरचा थर, ऊब देणारे मधले थर आणि खालचे अस्तर. मधल्या थरांसाठी जुनी लुगडी व धोतरे वापरली जात. वापरून मऊ झालेले सुती नऊवारी लुगडे त्यासाठी विशेष सोयीचे असे. कृत्रिम धाग्यांच्या साड्यांचा वापर वाढल्यावर वाकळांतही ते कापड आले. हे कापड निसरडे असल्याने थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके अधिक जवळ घालावे लागतात.

हाताची शिवण

पारंपरिक वाकळेत सरळ धावदोऱ्याच्या ओळी असतात. अनेकदा शिवण कडेपासून सुरू होऊन चौकटीमागून चौकट घेत मध्याकडे जाते. या ओळी शोभेसाठी नसून थर जागेवर राखण्यासाठी असतात. सुटे थर दाट ओळींनी न बांधल्यास धुताना ते गोळा होतात व वाकळ लवकर फाटते.

यंत्रावरील शिवण

यंत्रावर शिवताना वरचा थर पुढे ढकलला जाऊन चुण्या पडण्याचा संभव असतो. म्हणून थर ताणून कच्चे टाके घालतात आणि शिवण मध्यापासून कडेकडे नेतात. सरळ ओळी व चौकटी साध्या घरगुती यंत्रावर शिवता येतात. वेली, कोयऱ्या किंवा वलये शिवण्यासाठी कापड सरकवणारे दाते खाली करून कापड दोन्ही हातांनी फिरवावे लागते. मोठ्या व्यवसायांत लांब बाहूची यंत्रे वापरतात. त्यांत कापड चौकटीवर ताणलेले राहते व यंत्राचे डोके फिरते.

नमुन्याची निवड

छापील व रंगीबेरंगी तुकड्यांवर नाजूक नक्षी उठून दिसत नाही. तेथे सरळ किंवा तिरप्या ओळी पुरेशा ठरतात. दिवाळीसाठी किंवा भेट देण्यासाठी शिवलेल्या वाकळेत एकरंगी चौकोन मोकळे ठेवल्यास त्यांत रांगोळीतील कमळासारखी आकृती उठून दिसते. सरळ रेषांच्या जोडकामावर गोलाकार शिवण घातल्यास दोहोंचा तोल साधतो. कापडाच्या रंगाशी जुळणारा दोरा शिवणीतील लहान दोष झाकतो, तर विरोधी रंगाचा दोरा ते दाखवून देतो.

नमुन्याची दाटी सर्वत्र सारखी असावी लागते. एका भागात दाट व दुसऱ्यात विरळ शिवण असल्यास वाकळ वेडीवाकडी आकसते. अतिदाट शिवणीने ती ताठ होते आणि थरांमधील हवा कमी झाल्याने ऊबही घटते. जुन्या कापडाऐवजी पिंजलेला कापूस भरल्यास तो सरकू नये म्हणून ओळी जवळ घ्याव्या लागतात. चादरीसारख्या सलग कृत्रिम भरणात त्या तुलनेने दूर चालतात.

सण आणि धुणे

घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण धुण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. कोल्हापुरात त्यासाठी पंचगंगेच्या काठी वाकळा नेल्या जात. भिजून जड झालेली वाकळ आपटून, पिळून वाळवली जाते आणि हीच तिच्या शिवणीची खरी कसोटी असते. त्यामुळे सणासाठी शिवलेल्या वाकळेतही नमुना निवडताना सौंदर्याइतकाच टिकाऊपणाचा विचार करावा लागतो.