रिझर्व्ह बँकेतून लोकसभेत

अ‍ॅमस्टेलव्हीनहून सकाळी २५ नंबरची ट्राम पकडून झाउदला उतरणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर बँकांच्या काचेच्या इमारती तुमच्या रोजच्या ओळखीच्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं घर बँकांच्याच पगारावर चालतं. मग बँकेतून उठून थेट देशाच्या राजकारणात गेलेल्या आपल्या माणसाची आठवण काढायला हवी. इथली दोन मोठी नावं उलट्या वाटेने गेली: येले झाइलस्ट्रा आधी पंतप्रधान, मग १९६७ पासून मध्यवर्ती बँकेचे प्रमुख, विम डाउसेनबर्गही आधी अर्थमंत्री, मग बँकेत. चिंतामणराव देशमुखांचं मात्र आधी बँक, मग संसद.

रायगडाजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्म, केंब्रिजला वनस्पतीशास्त्र, मग आयसीएस. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ब्रेटन वुड्सची परिषद, फाळणीनंतरची चलनाची वाटणी, बँकेचं राष्ट्रीयीकरण, सगळं त्यांच्या कारकिर्दीत झालं. १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं आणि १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

आता जानेवारी १९५६ चा तो एक आठवडा बघा. १६ तारखेला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. शहर पेटलं, गोळीबारात माणसं मेली. आणि त्याच आठवड्यात, १९ तारखेला, देशमुख स्वतः रेडिओवर बोलत होते, पण आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल! दोनशे पंचेचाळीस कंपन्या आणि संस्था सरकारकडे घ्यायच्या होत्या आणि आधी कुणाला सुगावा लागू द्यायचा नव्हता. ते काम त्यांनी चोख केलं. त्या रात्री त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो.

जुलैमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं ते मुंबईसाठी. पण लोकसभेतलं त्यांचं निवेदन पाहिलं, तर तक्रारी आणखीही आहेत. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही? आणि इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चेला न येता जाहीर कसा झाला? नेहरूंना हा आरोप मान्य नव्हता. मला मात्र दुसरा प्रश्न अगदी बँकवाल्याचा वाटतो: कागद टेबलावर आला नाही, तर सही कशी धरायची?

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून ते पुढारी होऊ शकले असते. झाले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, मधल्या वेळात संस्कृत. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा ते आयोगाच्या कामात होते.

१९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले. गिरी आणि रेड्डींच्या लढतीत ते तिसरे आले.